दोघांत एक कोंबडा

"दोन कोंबडे कित्याक?" आबा राऊळांनी विचारलं.

जगूकाका दोन्ही हातांत एकेक कोंबडा उलटा धरून उभे होते. कुडाळच्या बाजारातून पाटवळ गावापर्यंत ते मागच्या सीटवर त्या दोघांच्या मध्ये बसून आले होते आणि त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर त्याचा पुरावा होता.

"एक माझ्यातर्फे. एक टिपणीसांतर्फे."

"नवस एकाचो आसा."

"उशीर झालाय ना फार. म्हटलं, थोडं वर असावं."

"तो वरचा घेणा नाय. एक बोललो, एकच व्हयो. दुसरो मागे न्हेवा."

जगूकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला नाही. मग ते ठुमकत गाडीपर्यंत गेले आणि त्यांनी दुसरा कोंबडा आमच्या ड्रायव्हरच्या हातात दिला. ड्रायव्हर शाकाहारी होता. त्यानं तो बाळासारखा कडेवर घेतला.

वडाच्या सावलीत गावातले वीस-पंचवीस पुरुष जमले होते. सकाळची वेळ होती, ऊन अजून कोवळं होतं. बुंध्याशी गुडघ्याएवढा काळा दगड, त्याला तेल लावलेलं, पुढ्यात चामड्याच्या वहाणांचा करकरीत नवा जोड. हा देवचार, म्हणजे गावाचा राखणदार. तो रोज रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि वर्षभरात त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गाव दरवर्षी त्याला नवा जोड देतं. हे मला आबांनी आल्या आल्या सांगितलं होतं, आपल्याकडे पाण्याचा टँकर मंगळवारी येतो असं सांगावं तसं.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वडिलांना, नानांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. नाना म्हणजे मधुसूदन टिपणीस. वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती "'चावी भुताकडे आहे'मधले टिपणीस गेले" अशी. आयुष्याची शेवटची वीस वर्षं त्यांनी गंभीर नाटकांत कामं केली, त्यातला एक न्यायाधीश फार नावाजला गेला, पण तो बातमीत शेवटच्या ओळीत होता. मी संपादकांना पत्र लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. सिनेमा चांगलाच होता.

मुंबईचे दोन दलाल कोकणातलं एक बंद घर विकायला येतात आणि घराची चावी भुताकडे असते, एवढीच त्याची कथा. बुटका, गोल, सतत धावणारा दलाल म्हणजे जगन्नाथ पेडणेकर, आमचे जगूकाका. उंच, इस्त्री केल्यासारख्या चेहऱ्याचा दलाल म्हणजे नाना. भूत समोर उभं राहतं तेव्हा जगूकाका खांबावर चढतात, आणि नाना भुताला विचारतात, "आपण मूळ मालक की पोटभाडेकरू?" ही जोडी त्याआधीपासून रंगमंचावर होती. जगूकाका नानांना हसवायचा प्रयत्न करणार, नाना हसणार नाहीत, आणि त्यामुळे लोक हसणार, असा त्यांचा धंदा होता. काही प्रयोगांना तर प्रेक्षक पैज लावून यायचे की आज टिपणीस हसतो. पैज कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

सिनेमाच्या शेवटी दोघांना वडाखाली भूत धरतं आणि सुटका व्हावी म्हणून नाना त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं केलेली विनवणी. एकानं बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. हे दृश्य याच वडाखाली घेतलं होतं, रात्रीचं असून भर दुपारी, कॅमेऱ्याला निळी काच लावून. मुंबईहून आणलेला थर्माकोलचा दगड आदल्या दिवशी गुरांनी खाल्ला होता, म्हणून दिग्दर्शकानं खऱ्या दगडापुढेच कॅमेरा लावला. आबांच्या वडिलांनी नानांना गाऱ्हाण्याची खरी पद्धत शिकवली. "व्हय महाराजा" म्हणायला गावातलीच माणसं उभी केली, त्यांत तरुण आबा डावीकडून तिसरे. आणि कॅमेरा सुरू झाल्यावर नाना ऐनवेळी सुचलेलं बोलून गेले: "आम्हां दोघांना सोड महाराजा, आम्ही जोडीनं येऊन तुला एक कोंबडा देऊ. दोघांत एक. घाऊक भाव."

"व्हय महाराजा," गाव म्हणालं. दृश्य एका झटक्यात मंजूर झालं आणि सगळे जेवायला गेले.

गावाच्या हिशेबानं तिथे एक नवस बोलला गेला होता, खऱ्या दगडापुढे, खऱ्या साक्षीदारांसमोर. त्यावर आणखी असं की पाटवळच्या जत्रेत हा सिनेमा दरवर्षी दाखवतात. पडद्यावर नाना नवस बोलतात आणि पडद्यासमोर बसलेलं सगळं गाव सवयीनं "व्हय महाराजा" म्हणतं. म्हणजे नवस दरवर्षी नवा होत गेला.

"मग इतक्या वर्सांचे तितके कोंबडे काय, असो प्रश्न कमिटीत इललो," आबांनी मला फोनवर सांगितलं होतं. नाना गेल्याचं वाचून त्यांनीच माझा नंबर शोधून काढला होता. "कौल लावलो. एकच पुरो म्हणून सांगितल्यान."

"तुम्ही इतकी वर्षं कळवलं का नाही?"

"मोठी माणसां. कामात असतली. आज नाय तर उद्या येतली." मग म्हणाले, "आता टिपणीस नाय. पण तुमी आसात, वारस. आणि दुसरे आसत ना अजून? जोडीन बोललो तो जोडीन फेडूक व्हयो."

मी जगूकाकांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "कधी निघायचं?"

मला ते लागलं. नाना चार महिने हॉस्पिटलात होते. त्या चार महिन्यांत मी याच माणसाला किती वेळा फोन केला होता. दर वेळी ते म्हणायचे, येतो गं, या आठवड्यात येतोच. ते आले नाहीत. अंत्ययात्रेलाही नाही. नानांसाठी दादरहून परळला न आलेला माणूस देवचारासाठी कुडाळला निघाला होता.

त्यांचं भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर मिटवता आलं असतं. नाना गंभीर नाटकात गेले, आणि हळूहळू जगूकाका आमच्याकडे यायचे थांबले, एवढंच.

मी निघाले ती नवसासाठी नाही. मला जगूकाकांना एकच गोष्ट विचारायची होती, का आला नाहीत. धावत्या गाडीतून माणसाला उठून जाता येत नाही, असा माझा हिशेब होता. पण मी पेडणेकरांना कमी लेखलं. पनवेलला मी म्हटलं, "काका, एक विचारू?" तर ते म्हणाले, "विचार की. पण आधी इथला वडा खा, नंतर मिळत नाही." माणगावला मी पुन्हा सुरुवात केली तेव्हा त्यांनी मिसळ मागवून तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास सांगितला. चिपळूणनंतर ते तोंड उघडं टाकून झोपले. रात्री कुडाळच्या लॉजवर त्यांनी मला "गुड नाइट बाळा" म्हटलं आणि खोलीला आतून दोन कड्या लावल्या. मी त्या ऐकल्या.

तर वडाखाली. आबांनी कोंबडा दगडापुढे ठेवला, नारळ ठेवला, आणि दगडाच्या दोन्ही अंगांना पाण्यानं एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हा कौल.

"बा महाराजा," आबा म्हणाले, "पेडणेकर इले हत. नवस मान्य करून घे."

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. डावी पडली.

"नाय म्हणता," आबा म्हणाले.

"का?" जगूकाकांनी विचारलं.

"इचारूया." त्यांनी पाकळी पुन्हा लावली. "कोंबड्यात काय खोट आसा?" डावी पडली. कोंबडा ठीक होता. "उशीर झालो म्हणून रागावलंस?" डावी. मागचा एक जण हळूच म्हणाला, "आबा, जोडी खंय आसा? एकलेच उभे आसत." आबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याच्या कडेला, गावातल्या काही जणींबरोबर उभी होते. या दगडापुढे बायका उभ्या राहत नाहीत.

"बा महाराजा," आबा म्हणाले, "टिपणीसांच्या जाग्यार तेंचा चेडू उभां रवलां तर चलात काय?"

चेडू म्हणजे लहान मुलगी. माझं वय तेव्हा सेहेचाळीस होतं. उजवी पाकळी पडली.

"येवा," आबा म्हणाले. "वहाणा काढून. टिपणीस उजवीकडे उभे होते, पिक्चरमध्ये."

मी जाऊन उजवीकडे उभी राहिले. जगूकाका माझ्या खांद्याइतके होते. नानांच्या बरगडीपर्यंत यायचे.

"आता गाऱ्हाणा कोण घालता?" आबांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "टिपणीस बोलले, तेंचा फेडतले पेडणेकर. मी काय मधे बोलणंय नाय. गाऱ्हाणा एकदा सुरू झाला काय कोणी अडवूचा नाय. तुमच्या भाषेत घातलास तरी चलात. त्याका सगळ्या भाषा समाजतत."

जगूकाकांनी झब्बा खाली ओढला. घसा साफ केला. मी त्यांना रंगमंचावर जाताना लहानपणी विंगेतून बघितलं होतं, अगदी तसंच.

"बा देवचारा महाराजा."

"व्हय महाराजा," वीस-पंचवीस माणसं म्हणाली.

"मी जगन्नाथ पेडणेकर. हा मधू टिपणीस." हाताचा अंगठा माझ्याकडे.

"व्हय महाराजा."

"आम्ही एक कोंबडा कबूल केला होता. तो आणलाय. उशीर झाला."

"व्हय महाराजा."

"उशीर माझ्यामुळे नाही झाला. मी ह्याला म्हणायचो, चल जाऊन येऊ. हा म्हणायचा, जग्या, तो सिनेमा होता."

"व्हय महाराजा."

"मग ह्याला एक दिवस वाटलं की आपण गंभीर काम करावं. ह्यानं मला चहा पाजला आणि सांगितलं. मी म्हटलं, जा."

"व्हय महाराजा."

"हा न्यायाधीश झाला. मी पहिल्या रांगेत बसून बघितला. चांगलाच केला होता, ते खोटं कशाला बोलू."

"व्हय महाराजा."

आबा जरासे खाकरले. पण त्यांनीच सांगितलं होतं, अडवायचं नाही.

"मी दुसरे उभे करून बघितले ह्याच्या जागी. एक मधेच हसायचा. एक मला घाबरायचा. एकाचं सगळं लक्ष पहिल्या रांगेतल्या बायकांकडे. मी पळायचो, पडायचो, खांबावर चढायचो, आणि समोर बघायचो तर तिथे कुणी नाही."

"व्हय महाराजा."

"मी काय वाईट नट होतो?"

"व्हय महाराजा."

जगूकाका थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं. वीस-पंचवीस माणसं गंभीर चेहऱ्यानं उभी होती. कुणाच्या मनात काही नव्हतं, वाक्य संपलं की म्हणायचं असतं. जगूकाकांनी एक क्षण त्या सगळ्यांना निरखून बघितलं, मला वाटतं कौतुकानं, आणि पुन्हा दगडाकडे वळले.

"मग हा आजारी पडला."

"व्हय महाराजा."

"ही पोरगी फोन करायची. मी येतो म्हणायचो आणि जायचो नाही."

"व्हय महाराजा."

मी समोर दगडाकडे बघत होते.

"एकदा गेलो. शहाळी घेऊन गेलो. वर गेलो, खोलीचं दार अर्धं उघडं होतं. नर्स ह्याला पेज भरवत होती, आणि हा तिच्याकडे बघून हसत होता. मग वॉर्डबॉय आला, त्याच्याकडे बघून हसला. लादी पुसणारी बाई आली, तिच्याकडे बघून हसला. दिसेल त्याच्याकडे बघून हसत होता."

"व्हय महाराजा." आवाज आता कमी झाला होता.

हे खरं होतं. शेवटी शेवटी नानांना माणसं कमी ओळखू यायची आणि ते सगळ्यांशी सारखंच हसायचे. डॉक्टर म्हणायचे, चांगलं लक्षण आहे.

"महाराजा, आयुष्यातली वीस वर्षं मी ह्याच्यापुढे उड्या मारल्या आणि हा हसला नाही. त्यावर आमची दोघांची चूल पेटली. मी आत गेलो असतो आणि हा मला बघून हसला असता, तर? सगळ्यांना बघून हसतो तसा? मी काय करायचं होतं?"

मग मागून एक म्हातारा एकटाच म्हणाला, "व्हय महाराजा."

"मी शहाळी नर्सच्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरलो."

ती शहाळी मला आठवली. कुणी आणली ते कळत नव्हतं. नर्सनं मला विचारलं होतं, आणि मी आमची नाहीत म्हणून सांगितलं होतं. ती शेजारच्या खोलीत गेली.

जगूकाकांनी झब्ब्याच्या बाहीनं नाक पुसलं. पुढचं त्यांना आबांनी शिकवून ठेवलेलं होतं, ते त्यांनी पाठांतरासारखं म्हटलं.

"तर महाराजा, काय चुकलं-माकलं असेल ते पोटात घाल, आणि लेकरांना सांभाळ."

"व्हय महाराजा."

आबा पुढे झाले. पाकळ्या हातात घेतल्या आणि थांबले.

"टिपणीसांच्या बाजून ऐकाक येवक नाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ते म्हटलं नव्हतं. आधीही एकदाही म्हटलं नव्हतं, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुमी म्हणूक व्हया," आबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "ते म्हणतत चुकला, गाव म्हणता पोटात घाल. पण जेंच्याकडे चुकला तेंनी म्हटल्याशिवाय कौल कसो लावू?"

नाना रोज दुपारी विचारायचे, "जग्या आला का?" माणसं ओळखू येईनाशी झाल्यावरही हे विचारायचे. मी म्हणायचे, वाटेत आहे. मग ते दाराकडे तोंड करून पडून राहायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. जगूकाकांना सांगायचं ठरवून आले होते, तो प्रश्न विचारून झाल्यावर. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. ते आत्ता, या दगडासमोर, गावासमोर म्हणता आलं असतं. गाऱ्हाणं कुणी अडवत नाही.

जगूकाका माझ्याकडे बघत नव्हते. ते समोर बघत उभे होते, हात जोडलेले, मान थोडी खाली, एखाद्या माणसानं मार खायची तयारी करून ठेवावी तसे. कोंबडा पाय बांधलेल्या अवस्थेत एकदा फडफडला आणि शांत झाला. रस्त्यावरून एक एसटी गेली. गावाला घाई नव्हती, त्यांनी तीसेक वर्षं वाट बघितली होती.

"होय महाराजा," मी म्हटलं.

आबांनी पाकळ्या चिकटवल्या. उजवी लगेच पडली, जवळजवळ हात काढायच्या आत. "फिटलो," आबा म्हणाले, आणि माणसं आपापसात बोलायला लागली, कुणाकडे पंप आणायचाय, कुणाचं पोर दहावीला आहे.

दुपारी आबांच्या पडवीत आम्हांला जेवायला वाढलं. जगूकाकांनी वडे पानात घेतले, चांगले आहेत असंही म्हणाले नाहीत. आबांच्या सुनेला वाटलं, मीठ कमी पडलं.

निघताना मी मागच्या सीटवर बसले आणि ते पुढे न जाता माझ्या बाजूला येऊन बसले. कणकवली आली, गेली. विचारायचं काही उरलंच नव्हतं. मी खिडकीला डोकं टेकवलं.

"अचला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला बाळाशिवाय दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. "त्याला पहिल्यांदा दुखलं कधी? कुठे होता तेव्हा?"

"घरीच. सकाळी दाढी करत होते."

"मग?"

"मोठं आहे, काका."

"असू दे. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

मी सांगायला लागले. दाढीचा साबण, हाताला आलेल्या मुंग्या, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दिलेली ॲसिडिटीची गोळी, नानांनी टॅक्सीवाल्याशी घातलेली हुज्जत. ते मधे मधे विचारत होते, कुठला शर्ट घातला होता, जेवणात काय द्यायचे, बाजूच्या खाटेवर कोण होतं. जे आठवत नव्हतं तिथे मी थांबायचे, आणि ते मी आठवेपर्यंत थांबायचे. गाडी परशुराम घाटाला लागली तेव्हा मी अजून पहिल्याच आठवड्यात होते.